नागपूर नभोवाणी केंद्र आणि वैनगंगेपलीकडील श्रोता : आरंभकाळाचा एक भाषिक विचार

नभोवाणी केंद्राचा इतिहास सामान्यतः केंद्राच्या बाजूने लिहिला जातो. केंद्र कोणत्या दिवशी सुरू झाले, प्रक्षेपकाची शक्ती किती होती, कोणते कलावंत तेथे येऊन गेले, एवढे सांगितले म्हणजे इतिहास पुरा झाला असे मानण्याची रीत आहे. परंतु ध्वनिक्षेपण ही दोन टोके असलेली क्रिया होय. एका टोकाला बोलणारा असतो, तर दुसऱ्या टोकाला ऐकणारा. ज्या प्रदेशाला आरंभीच्या दशकांत स्वतःचे केंद्र लाभले नाही, त्या प्रदेशाचा नभोवाणीविषयक इतिहास हा श्रवणाचाच इतिहास असतो, आणि तो दुसऱ्या टोकाकडूनच लिहावा लागतो. आजचा गोंदिया जिल्हा हा असाच प्रदेश आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो स्वतंत्र झाला. तत्पूर्वीच्या सर्व काळात, म्हणजे नभोवाणीच्या आणि दूरचित्रवाणीच्या संपूर्ण आरंभकाळात, तो भंडारा जिल्ह्याचा पूर्वभाग होता आणि त्याच्या कानांवर पडणारा जवळचा आवाज नागपूरचा होता. या आवाजाची भाषा कशी ठरली आणि वैनगंगेपलीकडील श्रोत्याच्या दृष्टीने तिचा अर्थ काय झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. केंद्राची स्थापना

भारतातील संघटित ध्वनिक्षेपणाचा आरंभ २३ जुलै १९२७ रोजी मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राने झाला. ही कंपनी १९३० मध्ये बुडाली. सरकारने तिचे काम आपल्याकडे घेतले आणि १९३६ च्या जूनमध्ये या सेवेला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. फाळणीच्या वेळी या संस्थेची एकंदर नऊ केंद्रे होती. त्यांपैकी लाहोर, पेशावर व ढाका ही तीन पाकिस्तानात गेली आणि दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ व तिरुचिरापल्ली ही सहा भारताकडे राहिली. संस्थानिकांची स्वतःची केंद्रे बाजूला ठेवली, तर मुंबईपासून कलकत्त्यापर्यंतच्या विस्तीर्ण मध्यप्रदेशात एकही केंद्र नव्हते, ही गोष्ट नकाशावर दृष्टी टाकताच ध्यानात येते. गोंदिया हे नेमके याच मुंबई-हावडा लोहमार्गावरील जंक्शन. तेथून मुंबई लोहमार्गाने हजार किलोमीटरच्या जवळपास आहे. म्हणजे मुंबई केंद्रावरून मराठी कार्यक्रम प्रक्षेपित होत असले, तरी ते भंडारा जिल्ह्यातील श्रोत्यासाठी होते असे म्हणता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर प्रत्येक महत्त्वाच्या भाषिक प्रदेशाला निदान एक लहानसे केंद्र तरी मिळावे, या हेतूने केंद्रे उघडण्याचा जो कार्यक्रम हाती घेण्यात आला, त्यात १९४८ या एकाच वर्षी पाटणा, कटक, नागपूर, विजयवाडा इत्यादी केंद्रे अस्तित्वात आली. नागपूर केंद्राचा आरंभ १६ जुलै १९४८ रोजी झाला. नागपूर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होते. महाकोशलातील हिंदी भाषिक जिल्हे आणि विदर्भातील आठ मराठी भाषिक जिल्हे यांचा तो द्विभाषी प्रांत होता. प्रत्येक भाषेला एक केंद्र या धोरणातून जन्मलेले नागपूरचे केंद्र जन्मतःच दोन भाषांचे झाले, हा त्याचा पहिला आणि भाषाशास्त्रदृष्ट्या सर्वांत लक्षणीय विशेष होय.

२. द्विभाषी केंद्राची भाषा

१९५० मध्ये राज्याचे नाव मध्यप्रदेश झाले, आणि त्याच वर्षीच्या राजभाषा कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात स्थान मिळाले. इंग्रजीची जागा घ्यावयाची तर हजारो नवे शब्द हवे होते. या कामाचे एक प्रमुख केंद्र नागपूरच होते. लाहोरहून आपली संस्था घेऊन डॉ. रघुवीर १९४६ मध्ये नागपूरला आले होते, आणि संस्कृत धातू, उपसर्ग व प्रत्यय यांच्या साहाय्याने पारिभाषिक शब्द सिद्ध करण्याचे त्यांचे कार्य १९५६ मध्ये ते दिल्लीस जाईपर्यंत येथेच चालू होते. संस्कृतोद्भव शब्दाचा मोठा लाभ असा की, तो एकदा घडविला म्हणजे हिंदी व मराठी या दोन्ही भाषांत चालविता येतो. दोन भाषांत एकच शासन चालविणाऱ्या राज्याला ही सोय फार मोलाची होती, आणि दोन भाषांत बोलणाऱ्या केंद्रालाही ती तितकीच उपयोगी पडणारी होती.

या संदर्भात प्रादेशिक वार्तापत्रांचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. प्रारंभी भारतीय भाषांतील बातम्या दिल्लीहून प्रक्षेपित होत. प्रदेशातील घडामोडी प्रदेशातूनच सांगाव्यात, या विचाराने १९५३ मध्ये प्रादेशिक वृत्त विभाग सुरू करण्यात आले. त्याचा पहिला मान लखनौ व नागपूर या केंद्रांना मिळाला. म्हणजे मराठी भाषिक प्रदेशातील प्रादेशिक वार्तापत्राचा आरंभ मुंबई अथवा पुणे येथून झाला नसून नागपूरहून झाला. पुण्याचे केंद्र तर २ ऑक्टोबर १९५३ रोजी, नागपूरनंतर पाच वर्षांनी, सुरू झाले. मराठी वृत्तनिवेदनाच्या इतिहासात विदर्भाचे हे स्थान पुरेसे लक्षात घेतले जात नाही.

या केंद्राच्या वातावरणाची कल्पना येण्यास दोन नावे पुरेशी आहेत. एक पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे. नागपूरच्या रंगभूमीवर वाढलेला हा नाटककार नागपूर नभोवाणीशी निगडित होता. पुढे १९६७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'कट्यार काळजात घुसली' या नाटकाने त्यांचे नाव सर्व महाराष्ट्रात पोहोचले. दुसरे नाव गजानन माधव मुक्तिबोध यांचे. घराणे मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीचे मान्यवर कवी, आणि स्वतः गजानन माधव आधुनिक हिंदी काव्यातील अग्रगण्य. १९५० नंतरच्या दशकात काही काळ ते नागपूर केंद्राच्या वृत्त विभागात होते आणि १९५८ मध्ये राजनांदगावच्या महाविद्यालयात अध्यापक म्हणून गेले. नागपूरहून राजनांदगावला जाणारी गाडी गोंदियावरूनच जाते. एकाच घरात दोन भाषांचे कवी असणे ही मुंबई-पुण्याच्या दृष्टीने नवलाची गोष्ट वाटेल. नागपूर-राजनांदगाव मार्गावर मात्र ती अगदी स्वाभाविक होती.

३. श्रोत्याची भाषा

आता दुसऱ्या टोकाकडे वळू. नागपूर व गोंदिया यांतील लोहमार्गाचे अंतर सुमारे १३० किलोमीटर. मध्यम लहरींचे प्रक्षेपण दिवसा जमिनीलगत प्रवास करते आणि अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते. रात्री तेच आकाशातील वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो कोस दूर जाते. आरंभीचा प्रक्षेपक अल्पशक्तीचा असल्यामुळे गोंदिया, तिरोडा, आमगाव या भागांत दिवसा नागपूर अस्पष्ट यावे आणि रात्री त्याच्याशी दूरदूरच्या केंद्रांनी स्पर्धा करावी, हे त्या तंत्राचे अपरिहार्य फळ होते. त्यातच १९५२ पासून केंद्रीय मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे ऑल इंडिया रेडिओवर चित्रपटगीतांना जवळजवळ बंदी झाली, आणि लघुलहरींवरून स्पष्ट ऐकू येणाऱ्या रेडिओ सिलोनने तो श्रोता आपल्याकडे ओढून घेतला. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली ती याच अनुभवातून. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या आणि नागपूरच्या आवाजात व्यापारी भाषेचा एक नवा प्रकार आला.

ग्रामीण श्रोत्याच्या बोलण्यात या काळाची एक खूण राहून गेली आहे. रेडिओ हा 'लावावयाचा' असतो आणि केंद्र हे 'लागते'. 'नागपूर लाव', 'सिलोन लागत नाही' अशा वाक्यांत गावाचे नाव हे गावाचे राहत नाही, ते एका आवाजाचे नाव होते. ज्याने नागपूर कधी पाहिले नाही, त्याच्याही घरात नागपूर 'लागत' असे. भाषेत झालेला हा लहानसा अर्थविस्तार नभोवाणीच्या सामाजिक स्थानाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा आहे असे मला वाटते.

परंतु हा श्रोता स्वतः कोणती भाषा बोलत होता? येथेच आपल्या विषयाचा खरा पेच आहे. वैनगंगेच्या पूर्वेकडील या धानाच्या प्रदेशात मराठीचे जे रूप बोलले जाते ते झाडीबोली या नावाने ओळखले जाते. तीत प्रमाण मराठीतील 'ण' हा 'न' होतो आणि 'ळ' हा वर्ण टिकत नाही. याच गावांतून पोवार समाजाची पोवारी बोलली जाते. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात पोवारीचा समावेश मराठीच्या खंडात न करता पूर्व हिंदीच्या, म्हणजे सहाव्या खंडात (१९०४) केला. हळबीला सातव्या, मराठीच्या खंडात (१९०५) जागा दिली. द्राविडी कुळातील गोंडी चौथ्या खंडात (१९०६) आली. म्हणजे ज्या श्रोत्यांना एकच वार्तापत्र ऐकावयाचे होते, त्यांच्या बोली सर्वेक्षणाच्या तीन निरनिराळ्या खंडांत विखुरलेल्या होत्या.

एक साधे उदाहरण पुरेसे होईल. मराठी वार्तापत्रातील वाक्य 'आहे' या क्रियापदाने संपते, तर हिंदी वार्तापत्रातील 'है' ने. पोवारी बोलणाऱ्याच्या घरात त्याच जागी 'से' येते, आणि 'माझा' किंवा 'मेरा' यांच्या जागी 'मोरो'. केंद्राच्या दोन भाषांपैकी कोणतीही त्याची नव्हती, आणि दोन्हीही त्याला थोड्याफार समजत होत्या. मराठी ही कचेरीची व पुढे शाळेची, हिंदी ही बाजाराची, रेल्वेची आणि बालाघाटकडील सोयरिकीची. अशा श्रोत्याला द्विभाषी केंद्र हे परके वाटण्याचे कारण नव्हते. उलट, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाणारे ते केंद्र त्याच्या दैनंदिन व्यवहाराचेच प्रतिबिंब होते. उणीव होती ती एवढीच की, या प्रतिबिंबात त्याच्या घरातील भाषा दिसत नव्हती.

याचे खापर केंद्रातील कोणा व्यक्तीवर फोडणे अन्यायाचे होईल. पंधरा अथवा तीस मिनिटांच्या काटेकोर विभागणीत चालणारे हे माध्यम होते. दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर चालणारी दंडार आणि खडी गंमत यांचा आकारच त्या चौकटीत मावणारा नव्हता. त्या प्रयोगांत विनोद हा समोरच्या गावकऱ्याला उद्देशून जागच्या जागी केलेला असतो, आणि लिखित संहिता आधी मागणाऱ्या ध्वनिक्षेपणाला तो पेलणे कठीण असते. माध्यमाची घडण आणि लोककलेची घडण या दोहोंतच हे अंतर होते.

४. सीमारेषा आणि दोन हुकलेले प्रयोग

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्यप्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. इंदूरला १९५५ मध्ये व भोपाळला १९५६ मध्ये केंद्रे झालीच होती. पुढे १९६३ मध्ये रायपूरचे केंद्र आले. महाकोशलाचा श्रोता अशा रीतीने नागपूरपासून दूर होऊ लागला. १ मे १९६० नंतर नागपूर हे महाराष्ट्राच्या उपराजधानीचे केंद्र म्हणून मराठी केंद्र ठरले. एक राज्य, एक भाषा व तिचे केंद्र ही व्यवस्था नागपूरच्या दृष्टीने सुटसुटीत होती. गोंदियाच्या दृष्टीने मात्र कालपर्यंतचा शेजारचा बालाघाट जिल्हा परराज्यात गेला होता, आणि एकच पोवारी बोलणारी माणसे आता दोन राज्यांच्या दोन निरनिराळ्या प्रमाण भाषांची श्रोती झाली होती.

या सीमेवरील स्थानाचा परिणाम दोन ऐतिहासिक प्रयोगांच्या संदर्भात अतिशय स्पष्टपणे दिसून येतो, आणि ते दोन्ही एकत्र ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला प्रयोग शेतकरी श्रोतृमंडळांचा. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत तो करण्यात आला. गावकऱ्यांनी एकत्र बसून पुणे केंद्राचा कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी, शंका केंद्राकडे पाठवाव्यात आणि केंद्राने त्यांना उत्तर द्यावे, अशी त्याची रचना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूराथ यांनी त्याचे मूल्यमापन केले आणि या पद्धतीने ज्ञानाची वाढ लक्षणीय होते असा निष्कर्ष काढला. ऐकणाऱ्याला बोलण्याची संधी देणारा भारतातील हा पहिला मोठा प्रयत्न मराठी भाषेत झाला. भंडारा जिल्हा त्या वेळी मराठी भाषिक असूनही मध्यप्रदेशात होता, आणि प्रयोग मुंबई राज्यात झाला.

दुसरा प्रयोग दूरचित्रवाणीचा. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसविण्यात आले. 'साइट' या नावाने हा प्रयोग जगभर गाजला. आंध्रप्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्यप्रदेश, ओरिसा व राजस्थान ही ती सहा राज्ये होत. मध्यप्रदेशातील खेडी रायपूरच्या परिसरातील होती, म्हणजे गोंदियाहून पूर्वेकडे जाणाऱ्या त्याच लोहमार्गाच्या आसपासची. त्या वेळी दूरचित्रवाणी मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेली होती, परंतु ती मुंबई-पुण्याच्या नागरी परिसरापुरती. अशा स्थितीत रायपूरकडील खेडूत संध्याकाळी पडद्यासमोर बसत असता, सीमेअलीकडील सालेकसा-देवरीच्या खेडुताला दूरचित्रवाणी ही ऐकीव गोष्ट होती. कारण तो आता महाराष्ट्रात होता, आणि महाराष्ट्र त्या योजनेत नव्हता.

पहिल्या वेळी जिल्हा मध्यप्रदेशात म्हणून वगळला गेला, दुसऱ्या वेळी तो महाराष्ट्रात म्हणून. योजना आखणाऱ्यांनी हे हेतुपुरस्सर केले असे मुळीच नाही. दोन्ही प्रयोगांची क्षेत्रे आपापल्या कारणांनी निवडलेली होती. परंतु सीमेवरील प्रदेशाला हेतू नसतानाही काय भोगावे लागते, याचे याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे. पुढे इन्सॅट मालिकेच्या काळात, १९८२ नंतर, महाराष्ट्राचा समावेश झाला आणि मराठी ग्रामीण कार्यक्रमांच्या निर्मितीसाठी नागपूर येथे दूरदर्शनचे उपग्रह केंद्र उभे राहिले. म्हणजे दूरचित्रवाणीच्या बाबतीतही गोंदियाकडे येणाऱ्या ग्रामीण मराठी आवाजाचे उगमस्थान पुन्हा नागपूर हेच ठरले.

५. शक्ती आणि स्वर

नागपूरच्या इतिहासातील एक विरोधाभास शेवटी नोंदविला पाहिजे. अल्पशक्तीच्या प्रक्षेपकाने आरंभ झालेल्या या शहराजवळ पुढे १००० किलोवॅट शक्तीचा प्रक्षेपक उभा राहिला. १८ मे १९८८ रोजी सुरू झालेल्या आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीचा रात्रीचा कार्यक्रम त्यावरून देशाच्या फार मोठ्या भागात ऐकू जात असे. देशाच्या मध्यभागी असल्यामुळे नागपूरची निवड झाली हे उघड आहे. परंतु त्या प्रचंड शक्तीने जो आवाज दूरवर नेला तो दिल्लीचा होता. ती वाहिनीही आता बंद झाली आहे. प्रक्षेपकाची शक्ती वाढणे आणि प्रदेशाचा स्वर दूरवर जाणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा बोध मात्र तिने मागे ठेवला आहे.

गोंदिया जिल्ह्याच्या दृष्टीने या इतिहासाचे तात्पर्य असे. नभोवाणीने या प्रदेशाला प्रमाण मराठीचा व प्रमाण हिंदीचा कान दिला. वार्तापत्रातील शब्द, निवेदनातील उच्चार, संभाषणातील आदरार्थी वळणे ही सर्व शाळेत फारसे न गेलेल्या माणसापर्यंत पोहोचली. हे कार्य लहान नव्हते. ज्या प्रदेशात शाळा दूर आणि वृत्तपत्र एक दिवस उशिरा, तेथे आवाजाने भाषा शिकविली. परंतु ही शिकवण एकाच दिशेने गेली. प्रदेशाने ऐकले, त्याचे बोलणे मात्र तितक्या प्रमाणात ऐकले गेले नाही. आपली बोली ही घरात बोलावयाची आणि नभोवाणीवरची ती खरी भाषा, असा जो समज अनेक बोली-भाषकांच्या मनात रुजलेला आढळतो, त्याला शाळेबरोबरच हा एकतर्फी श्रवणाचा काळही कारणीभूत असला पाहिजे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकासमोर यातून एक कर्तव्य उभे राहते, आणि ते पुढे ढकलण्यासारखे नाही. १९४८ मध्ये दहा वर्षांचा असलेला श्रोता आज नव्वदीच्या घरात आहे. गावच्या चावडीपुढे पहिला संच कसा आला, बातम्यांतील कोणता शब्द कळला नाही आणि तो कोणी समजावून सांगितला, मराठी कार्यक्रमानंतर हिंदी कार्यक्रम सुरू झाला म्हणजे मंडळी उठून जात की बसून राहत, हे सांगणारी ही शेवटची पिढी होय. त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत, पोवारीत, झाडीबोलीत, हळबीत आणि गोंडीत, ध्वनिमुद्रित झाल्या पाहिजेत. प्रमाण मराठीत रूपांतर करून त्या टिपून घेणे म्हणजे पूर्वीचीच चूक पुन्हा करणे होईल. असे ध्वनिमुद्रण एकाच वेळी दोन कामे करील. ते नभोवाणीच्या इतिहासाचे साधन होईल आणि बोलींच्या अभ्यासाचेही. नागपूरचा आवाज या माणसांनी आयुष्यभर लक्षपूर्वक ऐकला. आता त्यांचा आवाज ऐकून घेण्याची पाळी आपली आहे.